चिबातले पाच दिवस आणि एक ‘हाय’

गुरुवार

नारिता विमानतळावर उतरलो तेव्हा इथे सकाळचे आठ वाजले होते आणि माझ्या पोटात अजून मुंबईचे पहाटेचे साडेचार. पहिली खरेदी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्यावर असतं त्या चोवीस तास उघड्या दुकानातून: ओनिगिरी. समुद्री शेवाळ्यात गुंडाळलेला भाताचा तिकोनी गोळा, आत आंबट-खारट उमेबोशी. शाकाहारी माणसानं जपानात तग धरायचा तर उमेबोशीशी दोस्ती हवीच. वेष्टनावर एक अक्षर कळेना, पण कोपऱ्यांवर १, २, ३ असे आकडे छापलेले होते. एकची पट्टी ओढा, मग दोनचा कोपरा, मग तीनचा. शेवाळं न फाटता गोळा हातात. आकडे असले की आपलं अडत नाही, अशी एक खोटी हिंमत तिथेच आली.

आलो होतो पत्ते खेळायला. आईच्या भाषेत ‘पत्ते कुटायला जपानला गेलाय’. खेळ म्हणजे मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफील्ड यांनी रचला, १९९३ साली बाजारात आला. प्रत्येकानं आपापला साठ पत्त्यांचा डेक घरून बांधून आणायचा, दोघांनी समोरासमोर बसायचं, वीस लाइफवरून सुरुवात करायची आणि समोरच्याला शून्यावर आणायचं. पुण्यात शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण जमतो. त्यातला मीच एकटा सुट्ट्या आणि पैसे साठवून चिबाच्या माकुहारी मेस्से सभागृहातल्या मोठ्या स्पर्धेला निघालो होतो. जपानी येत नाही, हे मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. पत्ता जपानी असला तरी चित्र तेच असतं, वरच्या उजव्या कोपऱ्यात किंमत चिन्हांत असते, प्राण्याचं बळ खालच्या कोपऱ्यात आकड्यांत असतं. शिवाय स्पर्धेत कुठल्याही भाषेतला अस्सल पत्ता चालतो. बोलायचंय काय?

मुक्काम निशी-कासाईला, आत्तेभावाकडे. तोक्योच्या एदोगावा प्रभागातला हा भाग भारतीयांनी भरलेला आहे. २०१९ साली पुण्याचे योगेंद्र पुराणिक इथल्याच प्रभाग सभेवर निवडून आले, जपानात निवडणूक जिंकणारे पहिले मूळ भारतीय. दादा हे सांगताना असा खुलतो, की प्रचाराची पत्रकं यानंच वाटली असावीत. वहिनींनी पोचल्या पोचल्या पिठलं-भात वाढला आणि मी तोक्योत आहे हे तासभर विसरलो.

संध्याकाळी माझी शिकवणी झाली. शिक्षक दादाचा पोरगा, वय वर्षं नऊ, जपानी शाळेत तिसरीत. तो पोकेमॉनचे पत्ते खेळतो, त्यामुळे आपण काकाच्या दोन पायऱ्या वर आहोत यात त्याला शंका नाही.

“काका, हातातले पत्ते म्हणजे तेफुदा. गठ्ठा म्हणजे यामाफुदा. टाकून दिलेले म्हणजे तोराश्शु.”

“तोराश्शु?”

“इंग्लिशच आहे रे ते. ट्रॅश.”

शिवाय ‘नान-माइ देसु का’, म्हणजे किती आहेत. पत्ता, कागद, ताटली, अशा चपट्या वस्तू मोजताना आकड्यामागे ‘माइ’ लावायचं. आपण माणसं मोजताना ‘पाच जण’ म्हणतो ना, तसं. हे मला पटकन कळलं, म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली. सगळं वहीत देवनागरीत लिहून घेतलं.

शुक्रवार

निशी-कासाईहून तोझाइ मार्गाची मेट्रो गाडी न बदलता तकादानोबाबाला जाते. तिथे हारेरूया नावाचं दुकान आहे, मॅजिकवाल्यांचं एक तीर्थक्षेत्र. नावाचा अर्थ, दादाच्या म्हणण्याप्रमाणे, ‘आभाळ निवळतं ते दुकान’. आत काचेच्या कपाटांत पत्त्यांच्या रांगा, आणि टेबलं अशी मांडलेली की आमच्या पुण्यातल्या अड्ड्यासारखे कित्येक अड्डे एका दमात बसतील.

सरावाला एक कॉलेजचा मुलगा मिळाला. बसताना किंचित वाकून ‘योरोशिकु ओनेगाइ शिमासु’ म्हणाला. याचं मराठी मला अजून जमलेलं नाही. ‘सांभाळून घ्या’च्या जवळ जातं. मीही वाकलो. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत त्याच्या टाकलेल्या पत्त्यांकडे बोट दाखवून, वहीतला शब्द आठवून, मोठ्या ऐटीत विचारलं, “तोराश्शु, नान-माइ देसु का?”

तो खुर्चीतून घसरायचा बाकी राहिला. “पोकेमॉन! पोकेमॉन!” शेजारचे दोघंही हसले. मॅजिकमध्ये त्याला बोचि म्हणतात, म्हणजे स्मशान. आणि गठ्ठ्याला यामाफुदा नव्हे, सरळ ‘राइबुरारी’. एका देशात, एकाच टेबलावर मांडायच्या दोन खेळांची बोली निराळी. माझ्या नऊ वर्षांच्या गुरुजींनी मला भलत्याच घराण्याची गायकी शिकवली होती.

मग त्या मुलानंच कागद घेतला आणि खरी उजळणी सुरू केली. पाळी संपली की ‘एन्दो’. तुमची पाळी, घ्या, याला ‘दोझो’. हल्ला ‘आताक्कु’, अडवणं ‘बुरोक्कु’. इथवर सगळं इंग्रजीच, फक्त जपानी कपडे घातलेलं. आमच्याकडे तरी काय वेगळं? ‘दोन लँड टॅप करून बोल्ट मारतो’ या वाक्यात मराठी किती आहे ते मोजून बघा. (लँड म्हणजे माना, म्हणजे पत्ता खेळायची किंमत, पुरवणारे पत्ते; ते वापरले की आडवे करायचे, तेच टॅप.)

पत्त्यांच्या नावांना मात्र जपानी लोकांनी मनापासून जपानी केलंय. लाल रंगाचा, एका मानाचा, तीन डॅमेज देणारा लाइटनिंग बोल्ट म्हणजे माझ्या डेकचा प्राण. त्याचं जपानी नाव ‘इनाझुमा’, वीज. त्या मुलानं शब्द फोडून दाखवला: ‘इने’ म्हणजे भाताचं पीक, ‘त्सुमा’ म्हणजे जोडीदार. वीज चमकली की भाताचा दाणा भरतो, अशी जुनी समजूत. विजेला भाताची सोबतीण म्हणणारी माणसं आपल्या कोकणात सहज खपून जातील.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून शिकायची राहून गेली. का राहिली, तर मला ती प्रश्न वाटलीच नव्हती.

शनिवार

तोझाइ मार्गाचं पूर्वेचं टोक निशी-फुनाबाशी, तिथून केइयो मार्गानं काइहिन-माकुहारी. स्टेशनवरून कार्ड-बॉक्स लटकवलेल्या बॅगांच्या मागोमाग चालायचं, रस्ता विचारावा लागत नाही. सभागृहात शेकडो माणसं होती आणि आवाज मात्र ग्रंथालयाइतका. पत्ते पिसण्याची खसखस तेवढी.

पहिली फेरी हरलो, दुसरी जिंकलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त एक: सुरुवातीचे सात पत्ते बघून समोरच्यानं “कीपु?” विचारलं, ठेवणार का? मी आपली मान हलवली, आपली ती डावी-उजवी डुलणारी, ‘हो हो, चालतंय’वाली. त्याला ती नकाराची वाटली. पत्ते परत पिसणार म्हणून तो थांबून राहिला आणि मी त्याच्यासाठी थांबून राहिलो. दोघं सभ्य माणसं, अर्धा मिनिट एकमेकांकडे बघत. त्यानंतर दिवसभर मान ताठ आणि अंगठा वर.

तिसऱ्या फेरीत ते घडलं.

समोर साधारण माझ्याच वयाचा माणूस, निळा डेक. निळ्यांचं काम एकच, तुम्ही काही खेळलात की ‘नाही’ म्हणायचं. एकेक गेम झाला होता, तिसऱ्यात त्याचं लाइफ एकवर आलं होतं आणि टेबलावर अडवायला एकही प्राणी नव्हता. दोन बेटं, म्हणजे निळा माना देणारे लँड, मात्र टॅप न केलेली, वापरायला मोकळी. माझ्या हातात मोनॅस्टरी स्विफ्टस्पीअर: एक लाल माना, बळ एक, आणि आल्या आल्या हल्ला करू शकते. म्हणजे ती टेबलावर उतरली की सामना माझा.

इथे न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. पत्ता खेळला म्हणजे तो लागू झाला असं नसतं. आधी समोरच्याला संधी द्यायची: काही करणार आहेस का? तो नाही म्हणाला की मगच पत्ता ‘जातो’. अख्खा खेळ या फटीत राहतो. आणि ही फट पूर्णपणे बोलण्यावर चालते. तिला चित्र नाही, आकडा नाही, चिन्ह नाही.

मी पत्ता ठेवला. “ओके?”

तो म्हणाला, “हाय.”

हाय म्हणजे हो, एवढं जपानी कुणालाही येतं. मी पत्ता आडवा केला, म्हटलं, “आताक्कु.” आणि हस्तांदोलनासाठी हात निम्मा पुढे केला.

तो दोन्ही तळवे हवेत धरून “चोत्तो, चोत्तो” करायला लागला, मग हातातल्या पत्त्यांकडे बोट, मग माझ्या पत्त्याकडे. मला तो रडीचा डाव वाटला. खोटं कशाला बोलू, डोक्यात पहिला विचार तोच आला: परका माणूस बघून फसवतोय. त्याच्याही चेहऱ्यावर तेच लिहिलेलं असावं. मी हात वर करून जजला बोलावलं.

जजबाईंना इंग्रजी छान येत होतं. त्यांनी आम्हा दोघांना एकेक करून टेबलापासून बाजूला नेलं आणि वेगवेगळं विचारलं. निकाल काय ते विचारलं नाही, नेमका काय शब्द उच्चारला तेवढंच. मी म्हटलं, तो हाय म्हणाला. तोही म्हणाला, मी हाय म्हणालो. शब्दाबद्दल वाद नव्हताच.

मग त्यांनी मला सांगितलं: समोरचा बोलत असताना ‘हाय’ म्हणणं म्हणजे ‘ऐकलं’. ‘कळलं तुम्ही काय खेळलात, आता मी विचार करतो.’ पत्ता जाऊ देतो असं सांगायचं तर शब्द वेगळा आहे, ‘तोओरिमासु’. जातंय, पार होतंय. त्यानं तो उच्चारलेला नव्हता. खेळ एक पाऊल मागे: पत्ता खेळलेला आहे, उत्तर बाकी आहे. त्यानं दोन बेटं टॅप करून काउंटरस्पेल टाकला, समोरच्याचा पत्ता रद्द करणारा. दोन पाळ्यांनी मी हरलो.

बराच वेळ राग धुमसत होता. मग दुपारी डबा उघडला (दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, वहिनींची कृपा) आणि आमची आत्या आठवली. आत्या फोनवर दर वाक्याला ‘हं’ म्हणते. “पन्नास हजार पाठव.” “हं.” “मग उद्या पाठवतेस?” “मी कुठे हो म्हटलं?” आयुष्यभर आपण ‘हं’ म्हणजे हो नव्हे हे जाणून वागतो, आणि त्याच ‘हं’नं जपानी कपडे घातले की फसतो. आणि ओके तरी काय स्पष्ट होतं? मी विचारलं होतं ‘चालेल का?’, त्यानं ऐकलं होतं ‘दिसलं का?’. जजबाईंचा निर्णय बरोबर होता. पुण्यात मी जज असतो तर बहुतेक उलटा दिला असता, आणि तो चुकला असता.

जाताना त्या प्रतिस्पर्ध्यानं एक गोष्ट केली. आपल्या लाइफ लिहायच्या पॅडवर एक मोठं अक्षर काढलं, 通, त्याखाली एका चौकोनातून आरपार गेलेला बाण. शेजारी दुसरा चौकोन, बाण आत अडकलेला. पान फाडून माझ्या हातात दिलं आणि वाकला. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत मी ते पान टेबलावर ठेवलं. पत्ता खेळायचा, पानाकडे बोट करायचं, थांबायचं. समोरचा बाणावर बोट ठेवे. वेळ जास्त जातो खरा, पन्नास मिनिटांची फेरी पुरवून वापरावी लागते. पण भांडण एकही झालं नाही.

‘दाइज्योबु’ हा दुसरा खड्डा. ‘ठीक आहे’ असा अर्थ मी पाठ केला होता. अडवणार का, असं विचारल्यावर एकजण ‘दाइज्योबु’ म्हणाला; मला वाटलं, अडवतोय. त्याचा अर्थ ‘नको, राहू दे’. पण आता मी पोळलेला होतो. बाणाचं पान पुढे सरकवलं.

पाचव्या फेरीत चित्रांनीही दगा दिला. समोरच्यानं टाकलेला पत्ता जुन्या जपानी चित्रासारखा दिसत होता, आणि तो मी जन्मात पाहिला नव्हता. स्ट्रिक्सहेवन या २०२१ च्या संचाबरोबर मिस्टिकल आर्काइव्ह म्हणून ६३ जुने मंत्र निघाले, त्यांची जपानी चित्रकारांनी काढलेली वेगळी आवृत्ती आहे. त्याआधी २०१९ मध्येही वॉर ऑफ द स्पार्कच्या जपानी पाकिटांत ३६ प्लेन्सवॉकरांची, म्हणजे खेळातल्या जादूगार पात्रांची, निराळी चित्रं आली होती, त्यांतली लिलियाना योशिताका अमानो यांची. सरलीकृत चिनी छपाईत तर एके काळी हाडं-सांगाडे दिसणारी चित्रंच बदलत. म्हणजे ‘चित्र तेच असतं’ हा माझा गुरुवारचा आधार सोयीपुरताच होता.

अशा वेळी जजला बोलावून पत्त्याचा अधिकृत मजकूर मागता येतो. तो ओरॅकल मजकूर इंग्रजीत असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच. जपानी माणसाच्या हातातल्या जपानी पत्त्यावर छापलेला शब्दही त्याच्यापुढे चालत नाही. मी हात वर करणार, तेवढ्यात समोरचा म्हणाला, “इनाझुमा,” आणि तीन बोटं दाखवली. भाताची सोबतीण! तीन लाइफ गेलं आणि मी आनंदानं हसलो. तो गोंधळला.

त्याच फेरीत दादा पोराला घेऊन बघायला आला. मी विचारात असताना मागून आवाज, “काका, डबा खाल्लास का?” मी मान न वळवता म्हटलं, “हं, खाल्ला.” समोरच्याची नजर वर आली. हसू गेलं. आणि मला एकदम दिसलं की त्याला काय दिसतंय: परदेशी माणसाच्या मागे त्याचीच माणसं उभी आहेत, त्यांना पत्ते दिसताहेत, आणि ती कुणालाही न कळणाऱ्या भाषेत काहीतरी सांगताहेत. बाहेरून सल्ला घेणं इथे फार गंभीर मानतात, अख्खा सामना जातो. तीन दिवस मी जपानी ही अडचण धरून बसलो होतो. त्या टेबलावरची खरी न कळणारी भाषा मराठी होती.

जज आलेच. दादा गडबडून माफी मागायला लागला, तर पोरगा पुढे होऊन घडाघडा जपानीत बोलला. काय ते नंतर कळलं: “मी जेवणाचं विचारलं, पत्त्यांचं नाही. काका वाईट खेळतो, पण लबाड नाही.” जजनी ओठ दाबले. प्रतिस्पर्ध्यानं मान झुकवली. शिक्षा नाही, पण सामना चालू असताना मागून काही बोलायचं नाही, अशी ताकीद. आठ फेऱ्यांत तीन जिंकलो.

रविवार

मुख्य स्पर्धेचा दुसरा दिवस वरच्या लोकांसाठी. माझ्यासाठी बाजूची छोटी सील्ड स्पर्धा: सहा बंद पाकिटं फोडायची आणि निघेल त्यातून चाळीस पत्त्यांचा डेक बांधायचा. पाकिटं अर्थात जपानी. घरच्या डेकमधला पत्ता मी डोळे मिटूनही ओळखतो, इथे ऐंशीहून अधिक पत्ते आणि एकही वाचता येत नाही.

बांधणीच्या वेळात शेजारच्या बाईंनी युक्ती दाखवली. हल्लीच्या पत्त्यांवर खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत संचाची खूण, क्रमांक आणि भाषा छापलेली असते, इंग्रजीला ईएन, जपानीला जेपी. क्रमांक सगळ्या भाषांत सारखा. फोनवर शोधलं की मजकूर समोर. पुन्हा ओनिगिरीचे आकडे.

सारखेसारखे येणारे गुण मात्र चित्रासारखे पाठ झाले. दोन अक्षरी जोड्या असतात. उडणारा तो ‘हिको’, आल्या आल्या धावणारा ‘सोक्को’, ज्याचा नुसता स्पर्श मारतो तो ‘सेश्शि’. तासाभरात मी ‘हिको’ दुरून ओळखायला लागलो. पुढे एका पाटीवर तेच अक्षर दिसलं तेव्हा दादाला कोपरानं ढोसून दाखवलं. विमानाला हिकोकी म्हणतात, तो म्हणाला. मी विमानाचं बळ काय असेल याचा विचार करत राहिलो.

शेवटचा सामना एका पन्नाशीच्या गृहस्थांशी. त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. १९९६ साली पहिल्यांदा जपानीत छापलेल्या फोर्थ एडिशनपासून ते खेळताहेत, हे त्यांनी पाकिटातला एक जुना पत्ता दाखवून आणि बोटांवर वर्षं मोजून सांगितलं. ते मोजताना उघड्या पंजाची बोटं अंगठ्यापासून मिटत जात, मी पेरांवर मोजत होतो. दोघांचा हिशोब एकदा चुकला आणि पुन्हा केला. प्रत्येक वेळी लाइफ बदललं की ते पॅड माझ्याकडे वळवून आकडा दाखवत, मी माझा दाखवे, मगच पुढे. त्यांनी मला दोन-शून्यनं हरवलं. चाळीस मिनिटांत आम्ही मिळून दहा शब्द बोललो असू. शेवटी ‘आरिगातो गोझाइमाशिता’, दोघांचं एकदमच.

सोमवार

वहिनींनी मेतकुटाची पुडी परत बॅगेत घातली, मी नको म्हणत असताना. गुरुजी शाळेत गेले होते. जाताना माझ्या वहीत ‘तोराश्शु’ खोडून ‘बोचि’ लिहून गेले.

नारिताला सामान तपासणीत बॅग बाजूला घेतली गेली. गच्च पत्त्यांचे ठोकळे यंत्रात संशयास्पद दिसत असणार. अधिकाऱ्यानं खोकं उघडायला लावलं, वरचा पत्ता उचलला, उलटापालटा केला. “कादो?”

“कादो,” मी म्हटलं. कार्ड.

त्यानं पत्ता परत ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाला, “हाय.”

मी जागचा हललो नाही. मागची रांग चुळबुळायला लागली. त्यानं खोकं माझ्याकडे सरकवलं, तरी मी उभाच. मग त्यानं हात लांब करून “दोझो” म्हटलं, तेव्हा उचललं.